हवा भरायचा हॉट टब

हवा भरायचा हॉट टब : जाड पीव्हीसी प्लॅस्टिकचा, हवेने फुगवून उभा करायचा आणि काम झाल्यावर घडी घालून ठेवता येणारा गरम पाण्याचा हौद. पाणी फिरवणारा पंप, हीटर आणि बुडबुड्यांसाठी हवा फुंकणारा ब्लोअर एकाच डब्यात बसवलेले असतात आणि हा डबा टबाला बाहेरून जोडतात. चार जणांच्या टबात साधारण ८०० लिटर पाणी मावते, सहा जणांच्या टबात १,००० ते १,१०० लिटर. पाणी जास्तीत जास्त ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवता येते. बेस्टवे कंपनीचे ‘ले-झी-स्पा’ आणि इंटेक्सचे ‘प्युअरस्पा’ हे सर्वत्र दिसणारे प्रकार आहेत. ब्रिटन, युरोप आणि अमेरिकेत घरामागच्या अंगणात तो नेहमी आढळतो. २०२० च्या टाळेबंदीत तिथे त्याची मागणी एकदम वाढली.

या प्रकारच्या आंघोळीचे आधुनिक यंत्र कॅलिफोर्नियात तयार झाले. इटलीतून तिथे गेलेल्या जकूझी बंधूंचा पंपांचा कारखाना होता. कँडिडो जकूझी यांच्या मुलाला लहानपणापासून सांधेदुखी होती. त्याला घरीच पाण्याचा शेक मिळावा म्हणून १९५६ साली टबात सोडायचा पंप बनवण्यात आला. ऊन पाण्यात बसून सांधे शेकणे मराठी माणसाला नवीन नाही. कोकणात गरम झऱ्याला ‘उन्हाळे’ म्हणतात, वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे तर सर्वांना माहीत आहेत. पण कुंडात झऱ्याचे नवे पाणी सतत येत राहते आणि जुने वाहून जाते. टबात तेच पाणी महिनाभर फिरत असते. टब सांभाळायचा म्हणजे मुख्यतः हे पाणी सांभाळायचे.

जागा आणि वजन : रिकामा टब दोन माणसे सहज उचलतात, त्यामुळे भरल्यावरच्या वजनाचा अंदाज चुकतो. ८०० लिटर पाण्याचे ८०० किलो, यंत्रासह टबाचे सुमारे ४० आणि चार माणसांचे २८० धरले तर १,१२० किलो होतात. दोन मीटरच्या आसपास व्यासाच्या टबाखाली जेमतेम ३ चौरस मीटर जागा येते, म्हणजे दर चौरस मीटरवर ३७० किलोंचा भार. घराच्या खोल्यांसाठी भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये धरलेला वापराचा भार चौरस मीटरला सुमारे २०० किलो आहे आणि वावर असलेल्या गच्चीसाठी सुमारे १५०. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरने तपासून लेखी दिल्याशिवाय गच्चीवर किंवा बाल्कनीत टब भरू नये. योग्य जागा म्हणजे तळमजल्यावरचा कोबा, फरशी किंवा दाबून सपाट केलेली जमीन.

जमीन समतल हवी. मीटरला २ सेंटीमीटर उतार असला तर दोन मीटरच्या टबात एका कडेला पाणी ४ सेंटीमीटर उंच चढते, खालच्या बाजूची भिंत बाहेर दबते आणि वरच्या बाजूला पाणी किमान खुणेखाली जाते. खडे वेचून, झाडून, टबाखाली फोमची चटई अंथरावी. चटई टोचण्यापासून वाचवते आणि जमिनीत जाणारी उष्णताही अडवते. हिरवळीवर ठेवलेल्या टबाखालचे गवत कुजते आणि तिथे ओल धरून बुरशी येते. यंत्राच्या बाजूला हात घालून फिल्टर काढता येईल एवढी मोकळी जागा सोडावी.

वीज : २३० व्होल्टवर चालणाऱ्या बहुतेक टबांचा हीटर २ किलोवॅटच्या आसपासचा असतो आणि एकटाच जवळपास ९ अँपिअर ओढतो. त्यावर ब्लोअरचा भार वेगळा. १६ अँपिअरचा सॉकेट, चांगले अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) एवढे नसेल तर टब लावूच नये. एक्स्टेंशन बोर्ड वापरू नये, त्याची पिन तापून वितळते आणि ओल्या फरशीवर पडलेला बोर्ड जीवघेणा ठरतो. प्लगवरचे ‘टेस्ट’ बटण दर वापराआधी दाबून पाहावे. अमेरिकेतले ११० व्होल्टचे टब सुमारे १.३ किलोवॅटवर चालतात आणि फार सावकाश तापतात. तिकडून येताना असा टब सामानात आणला तरी तो इथल्या विजेवर चालत नाही.

भरणे आणि तापवणे : हवा यंत्रातूनच भरतात, सोबतच्या दाबमापकाची सुई हिरव्या पट्ट्यात आली की थांबतात. भर उन्हात टब कडक फुगवू नये. दुपारी आतली हवा प्रसरण पावते आणि शिवणींवर ताण येतो. सकाळी थंड हवेत टब थोडा मऊ लागला तर ती गळती असेलच असे नाही.

पाणी किमान आणि कमाल खुणांच्या मध्ये भरावे. मिनिटाला १५ लिटर देणाऱ्या नळीने ८०० लिटरला सुमारे ५५ मिनिटे लागतात. टँकरचे गढूळ पाणी आधी टाकीत तुरटी फिरवून निवळू द्यावे. टबात तुरटी टाकली तर सगळा गाळ फिल्टरमध्ये जाऊन बसतो. फिल्टर बसवून पंप सुरू केल्यावर आतल्या तोंडातून पाण्याचा जोर हाताला लागला पाहिजे. तो लागला नाही तर नळीत हवा अडकलेली असते. अशा वेळी पंप बंद करून जोडाची चाकी किंचित सैल करावी आणि बुडबुडे निघून गेले की पुन्हा आवळावी.

८०० लिटर पाणी १ अंशाने तापवायला ०.९३ युनिट वीज लागते. हा आकडा लक्षात ठेवला की बाकीचे हिशेब तोंडी होतात. २५ अंशांचे पाणी ३८ वर न्यायला १२ युनिट आणि निदान साडेसहा तास लागतात. युरोपच्या थंडीत नळाचे पाणी १० अंशांवर असेल तर २६ युनिट लागतात आणि दिवस मोडतो. टब रात्रभरात ६ अंश उतरला तर साडेपाच युनिट हवेत गेले असे समजावे. झाकण आणि त्यातली हवेची गादी नीट बसली आहे का, खाली चटई आहे का, हे तेव्हा बघावे. बुडबुडे सतत चालू ठेवले तरी पाणी उतरते, कारण ब्लोअर बाहेरची थंड हवाच पाण्यात फुंकत असतो. झाकण लावूनच तापवावे आणि बुडबुडे आत बसल्यावरच सुरू करावेत.

घरावर सोलर हीटर असेल तर मोठी बचत होते. ६०० लिटर साध्या पाण्यात सोलरच्या टाकीतले ६० अंशांचे २०० लिटर मिसळले की सगळे पाणी ३३ ते ३४ अंशांवर येते आणि ८ युनिट वाचतात. क्रम मात्र उलटा नको. गार पाणी आधी भरावे, गरम मागाहून हळूहळू सोडावे. कढत पाणी थेट पीव्हीसीवर पडले की ते मऊ होते आणि शिवणी सुटू लागतात.

पाण्याची निगा : पोहण्याच्या तलावात एका माणसाच्या वाट्याला हजारो लिटर पाणी येते, टबात चार जण बसले तर प्रत्येकी २०० लिटर. त्यात पाणी गरम असते, घाम सुटलेला असतो आणि बुडबुडे चालू असतात. त्यामुळे जंतू मारायला घातलेले क्लोरीन तलावापेक्षा कितीतरी वेगाने संपते. मोकळे (अजून जंतू मारू शकणारे) क्लोरीन ३ ते ५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), पीएच (पाण्याच्या आम्लतेचे माप) ७.२ ते ७.८ आणि क्षारता (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) ८० ते १२० पीपीएम या मर्यादा चाचणीच्या पट्ट्यांनी पाहता येतात. वापर असलेल्या दिवशी आत उतरण्याआधी पट्टी बुडवावी.

आधी क्षारता, मग पीएच, शेवटी क्लोरीन असा क्रम ठेवावा. क्षारता वाढवायला खायचा सोडा चालतो. ८०० लिटरमध्ये १३ ते १४ ग्रॅम सोड्याने ती सुमारे १० पीपीएमने वाढते. धुण्याचा सोडा टाकू नये, त्याने पीएच एकदम चढतो. बुडबुड्यांमुळे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, म्हणून टबाचा पीएच आपोआप वर सरकत राहतो. तो खाली आणायला सोडियम बायसल्फेट मिळते. ते थोडेथोडे घालून पंप चालू ठेवावा आणि तासाभराने पुन्हा पट्टी बुडवावी. संडास धुवायचे ॲसिड कधीही वापरू नये. क्लोरीनच्या पावडरीशी त्याची गाठ पडली तर विषारी वायू निघतो.

क्लोरीनसाठी घरोघरी डायक्लोरचे दाणे वापरतात. ५६ टक्के क्लोरीनच्या दाण्यांचे ५ ग्रॅम ८०० लिटरमध्ये साडेतीन पीपीएम देतात. दाणे मगभर पाण्यात विरघळवून, पंप चालू ठेवून ओतावेत. तळाशी साचलेले कोरडे दाणे पीव्हीसीवर पांढरे डाग पाडतात. डायक्लोरची एक अडचण मात्र पट्टीवर लगेच कळत नाही. दर वेळी त्यातून सायन्युरिक आम्लही पाण्यात जाते. रोज ५ ग्रॅम घातले तर महिन्यात ते ९० पीपीएमच्या पुढे जाते, आणि तेवढ्या आम्लात क्लोरीन पट्टीवर दिसते पण जंतू मारायला मंद होते. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी हॉट टबात सायन्युरिक आम्ल नकोच म्हणते. पहिले आठ-दहा दिवस डायक्लोर आणि त्यानंतर साधे सोडियम हायपोक्लोराइट (पातळ क्लोरीन), ही घरच्या टबासाठी चांगली मधली वाट आहे. तलावाच्या ट्रायक्लोरच्या गोळ्या फार आम्लधर्मी असतात, त्या टबाच्या तळाशी पडल्या तर पीव्हीसी खातात. ग्रामपंचायतीकडची टीसीएल (ब्लीचिंग) पावडरही नको, तिच्यातला चुना फिल्टर भरतो आणि हीटरवर पुटे चढवतो. क्लोरीनऐवजी ब्रोमीन वापरायचे असेल तर ते निदान ४ पीपीएम ठेवतात.

टबाला झोंबणारा ‘क्लोरीनचा वास’ येऊ लागला की लोक क्लोरीन कमी करतात. खरे तर तो वास घाम आणि मूत्राशी जोडल्या गेलेल्या, दमलेल्या क्लोरीनचा असतो आणि त्यावर उपाय क्लोरीन वाढवणे हाच आहे. आंघोळ संपल्यावर मात्रा घालावी, तासाभराने पाहावे, पट्टीवर शून्य आले तर पुन्हा घालावी. फेस येतो तो साबण, तेल आणि लोशनचा, शिवाय साबण न निघालेल्या पोहण्याच्या कपड्यांचा. आत उतरण्याआधी अंगावर दोन तांबे पाणी घेतले तर निम्मे काम होते.

काडतुसासारखा कागदी फिल्टर दर दोन-तीन दिवसांनी काढून घड्यांच्या मधून नळीच्या धारेने धुवावा. दोन फिल्टर आलटून पालटून वापरले तर एक पूर्ण वाळतो. दोन ते चार आठवड्यांत नवा लागतो. ‘ले-झी-स्पा’वरचा ‘ई ०२’ आणि इंटेक्सवरचा ‘ई ९०’ हे दोन्ही संकेत पाण्याचा प्रवाह नसल्याचे सांगतात. दहापैकी बहुतेक वेळा कारण फिल्टरच असतो. फिल्टर काढून यंत्र क्षणभर चालवून पाहिले आणि संकेत गेला, तर पंपावर खर्च करायची गरज नाही.

पाणी कधी बदलावे याचा एक सोपा ठोकताळा आहे. लिटरचा आकडा ११ ने भागावा आणि आलेल्या आकड्याला रोज बसणाऱ्या माणसांच्या संख्येने भागावे. ८०० लिटर आणि रोज दोन माणसे असतील तर ३६ दिवस, चार असतील तर १८. नळ्यांच्या आतल्या बाजूला चिकट थर धरतो, म्हणून रिकामा करण्याआधी नळ्या साफ करायचे द्रावण घालून पंप चालवावा. पाणी बागेला द्यायचे असेल तर झाकण उघडून दोन-तीन दिवस ठेवावे आणि क्लोरीन शून्य झाल्याची खात्री करावी.

आरोग्य : निगा चुकली तर पहिल्यांदा दिसते ते स्युडोमोनस जंतूंमुळे अंगावर, विशेषतः पोहण्याच्या कपड्याखाली, उठणारे खाजरे पुरळ. त्याहून गंभीर लीजिओनेला. हा जंतू कोमट पाण्यात वाढतो आणि बुडबुड्यांच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. १९९९ साली नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्सपेल येथे फुलांच्या प्रदर्शनात मांडलेल्या हॉट टबाच्या तुषारांनी शेकड्याने लोक आजारी पडले, तीसेक जण दगावले. त्या टबात कोणी बसलेही नव्हते. ताप-खोकला येऊन श्वास लागला आणि नुकतेच टबात बसणे झाले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

४० अंशांच्या वर पाणी नेऊ नये, एका वेळी १५ ते २० मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. पाच वर्षांखालच्या मुलांना उतरवू नये. गरोदर स्त्रिया, हृदयविकार आणि रक्तदाबाचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारूनच उतरावे. मद्य घेऊन गरम पाण्यात झोप लागली तर बुडण्याचा धोका खरा असतो. झाकणाचे पट्टे कायम कुलूपबंद ठेवावेत. लहान मूल झाकणावर चढले तर ते आत खचते. पाणी ओढणाऱ्या तोंडाची जाळी तुटली असेल तर टब त्याच क्षणी बंद करावा, कारण तिथे केस अडकतात.

गळती आणि साठवण : हवा उतरत असेल तर साबणाचे पाणी स्पंजने व्हॉल्व्ह, शिवणी आणि तळाच्या कडेला लावत जावे. जिथे बारीक बुडबुड्यांची माळ उठते, तिथे भोक. बऱ्याच वेळा ते व्हॉल्व्हच्या सैल झाकणातच निघते. भोक कोरडे करून, स्पिरिटने पुसून पीव्हीसीचे ठिगळ व्हिनाइल गोंदाने लावावे आणि वर वजन ठेवून १२ तास जाऊ द्यावेत. भिंतीला एका जागी फुगा आला तर मात्र आतला आधाराचा पडदा सुटलेला असतो, त्याला घरगुती दुरुस्ती नाही.

पावसाळ्यात टब वापरायचा नसेल तर पाणी ठेवू नये. क्लोरीन उतरलेले स्वच्छ साचलेले पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांना आयती जागा, आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. थंड देशांत पाणी गोठू दिले तर पंप फुटतो. काढून ठेवताना पाणी सोडावे, तळाचे उरलेले मगाने आणि फडक्याने टिपावे, यंत्र कलते करून नळ्यांतले पाणी काढावे. मग टब हवा भरूनच सावलीत पूर्ण वाळवावा. घड्यांत ओल राहिली तर पुढच्या हंगामात काळी बुरशी निघते, आणि ती पीव्हीसीत मुरली की डाग कायमचा राहतो. खोक्यात शंखजिरे भुरभुरून, जमिनीपासून उंच ठेवावा, कारण उंदरांनी घडीवर कुरतडले तर सगळ्या थरांना एकाच ओळीत भोके पडतात.