बीटल्सची गच्चीवरील मैफल

‘द बीटल्स’ या इंग्लंडमधील रॉक वाद्यवृंदाने ३० जानेवारी १९६९ रोजी दुपारी लंडनमध्ये सॅव्हिल रो या रस्त्यावरील आपल्या ‘ॲपल’ कंपनीच्या इमारतीच्या गच्चीवर, कोणतीही पूर्वसूचना न देता केलेले सुमारे ४२ मिनिटांचे गायन-वादन. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार हे चौघे लोकांसमोर एकत्र गायल्याचा हा अखेरचा प्रसंग होय. ऑगस्ट १९६६ मधील सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमानंतर त्यांनी दौरे थांबवले होते.

जानेवारीच्या आरंभी ट्विकनहॅमच्या चित्रपट-स्टुडिओत नव्या गाण्यांच्या तालमींचे चित्रीकरण सुरू झाले. त्यांचा शेवट जाहीर कार्यक्रमाने करायचा होता, पण जागेवर एकमत होईना, आणि मध्येच जॉर्ज हॅरिसन गट सोडून गेलेही. ते परतल्यावर काम सॅव्हिल रोवरील इमारतीच्या तळघरात हलले आणि बिली प्रेस्टन हे अमेरिकी वादक इलेक्ट्रिक पियानोवर साथीला आले. लिबियातील प्राचीन नाट्यगृहापर्यंत जाऊन आलेला बेत अखेर त्याच इमारतीच्या गच्चीवर येऊन ठरला.

मैफल असे नाव रूढ झाले असले, तरी खरे तर हे उघड्यावर केलेले ध्वनिमुद्रण होते. म्हणूनच पाचच गाणी पुन्हा पुन्हा वाजवली गेली आणि ‘गेट बॅक’ तर तीनदा झाले. आवाज तारांवाटे तळघरातील आठ-ट्रॅक (आठ आवाज वेगवेगळे मुद्रित करणाऱ्या) यंत्रांपर्यंत नेला होता. बोचरा वारा मायक्रोफोनमध्ये घुसू नये म्हणून ॲलन पार्सन्स या तरुण तंत्रज्ञांनी स्त्रियांचे लांब पायमोजे विकत आणून ते मायक्रोफोनवर चढवले. थंडीमुळे जॉन लेनन यांनी आपल्या सहचरी योको ओनो यांचा फरचा कोट, तर रिंगो स्टार यांनी पत्नीचा लाल रेनकोट घातला होता. ‘डिग अ पोनी’चे शब्द लेनन यांना आठवेनात, म्हणून एक मदतनीस त्यांच्यापुढे गुडघे टेकून कागद धरून बसला.

खाली शिंप्यांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या रस्त्यावर जेवणाच्या सुट्टीतली गर्दी जमली; तिला गाणे ऐकू येत होते, गाणारे मात्र दिसत नव्हते. आवाजाच्या तक्रारी गेल्यावर त्याच रस्त्यावरील ठाण्यातून पोलीस आले. त्यांच्या सांगण्यावरून गटाचे सहायक मॅल एव्हन्स यांनी गिटारचे ॲम्प्लिफायर बंद केले, तेव्हा हॅरिसन यांनी आपला लगेच पुन्हा चालू केला. शेवटी लेनन यांनी आभार मानून, आपण चाचणीत उत्तीर्ण झालो असू, अशी आशा थट्टेने व्यक्त केली.

गच्चीवर मुद्रित झालेली तीन गाणी ‘लेट इट बी’ या मे १९७० मधील अल्बममध्ये आहेत. त्यांपैकी ‘वन आफ्टर ९०९’ हे लेनन यांच्या किशोरवयातले गाणे होते. अल्बम बाजारात आला तेव्हा गट फुटल्याचे जाहीर होऊन काही आठवडे झाले होते.