नायलॉन की रेडियल? जुन्या स्पोर्ट्स कारचे टायर बदलताना

नाशिकला माझ्या मामांकडे १९५८ सालची एमजीए ही इंग्लिश स्पोर्ट्स कार आहे. गंगापूर रोडच्या बंगल्यामागे पत्र्याच्या शेडमध्ये ती वर्षाचे दहा महिने झाकून उभी असते. दोन वर्षांपूर्वी पुढच्या दोन्ही टायरच्या बाजूंना बारीक चिरा दिसल्या, म्हणून आम्ही टायर घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "साहेब, पुढचे दोनच बदला. मागची नक्षी अजून भरपूर आहे." ऐकायला पटलं. पुढे नवे रेडियल बसले, मागे जुने नायलॉन राहिले.

जुलैत भुरभुर पाऊस होता. त्र्यंबकच्या रस्त्याला महिरावणी ओलांडल्यावर एका डाव्या वळणावर गाडीची मागची बाजू उजवीकडे सुटली. वेग पन्नाससुद्धा नव्हता. गाडी रस्त्यावर आडवी होऊन थांबली. समोरून कोणी येत नव्हतं, एवढंच नशीब. मामा पाच मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले. त्या दिवसापासून या विषयावर मला गप्प बसवत नाही, कारण चूक मामांच्या हाताची नव्हती, ब्रेकचीही नव्हती. एकाच गाडीला दोन जातींचे टायर लावल्याची होती.

आधी नावाचा गोंधळ सोडवू. आपल्याकडे टायरच्या दुकानात "नायलॉन" आणि "रेडियल" असे दोन शब्द चालतात. खरं तर नायलॉन हे धाग्याचं नाव आहे, टायरच्या रचनेचं नाही. कित्येक रेडियलमध्येही नायलॉनचा थर असतोच. दुकानदाराला नायलॉन म्हणताना अभिप्रेत असतो तो क्रॉसप्लाय टायर. त्यात धाग्यांचे थर तिरके, एकमेकांना फुलीसारखे छेदत, या कडेपासून त्या कडेपर्यंत जातात. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि नक्षीच्या खाली बहुधा पोलादी तारांचा पट्टा असतो. भंगारात कापलेला टायर मिळाला तर हातात घेऊन पाहा. नायलॉनच्या कापलेल्या कडेला धाग्यांची टोकं तिरकी दिसतात, आणि बाजू अंगठ्याने दाबली तर नक्षीचा भागही तिच्याबरोबर हलतो. रेडियलची बाजू सहज वाकते, पण वरचा पट्टा जागचा हलत नाही.

सगळा फरक या एका गोष्टीतून निघतो. वळणावर गाडीचं वजन टायरला बाहेर ढकलतं. नायलॉनमध्ये बाजू वाकली की नक्षीही मुरगळते, रस्त्याला टेकलेला भाग लहान होतो, आणि तेवढीच पकड मिळवायला टायरला जास्त तिरपं धावावं लागतं. रेडियलची बाजू वाकली तरी नक्षी सपाट टेकलेली राहते, म्हणून थोड्याशा तिरकेपणातच त्याला भरपूर पकड मिळते. आता पुढे रेडियल आणि मागे नायलॉन लावा. स्टिअरिंग फिरवताच पुढची चाकं ताबडतोब वळतात, मागच्या चाकांना तेवढी पकड नसते, आणि गाडीची शेपटी बाहेर जाते. महिरावणीला नेमकं हेच झालं. ब्रिटनमध्ये पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय लावून रस्त्यावर येणं कायद्यानेच निषिद्ध आहे, आणि एकाच आसाला दोन जाती लावणंही. नाइलाजच झाला तर रेडियल मागे लावायचे, पुढे नाही. पण माझं मत विचाराल तर तो नाइलाज होऊच देऊ नये. चारही सारखे, आणि स्टेपनीसुद्धा. पंक्चर नेहमी आडरानात होतं, आणि तिथे स्टेपनीला जुना नायलॉन निघाला तर घरी पोहोचेपर्यंत तुम्ही मामांच्याच जागी असता.

मग चारही कोणते घ्यायचे? इथे लोक नवं चांगलं आणि जुनं वाईट असा हिशोब लावतात. तो इथे लागत नाही. मिशलॅंने रेडियलचं पेटंट १९४६ साली घेतलं आणि १९४९ मध्ये तो एक्स या नावाने बाजारात आणला. भारतात जेके टायरने १९७७ मध्ये रेडियल आणला. म्हणजे पन्नासच्या दशकातल्या बहुतेक इंग्लिश स्पोर्ट्स कारची स्प्रिंगं, स्टिअरिंग, चाकांचे कोन हे सगळं नायलॉन गृहीत धरून ठरवलेलं आहे. एमजीएच्या पुस्तकात ५.६०-१५ हे माप आहे, पोर्शे ३५६ ए लाही तेच होतं. १९६१ ची जॅग्वार ई-टाइपसुद्धा डनलॉपच्या ६.४०-१५ मापाच्या आरएस ५ या क्रॉसप्लायवर आली आणि पुढे रेडियलवर गेली.

नायलॉनचा एक गुण मला मनापासून आवडतो. तो हळूहळू सुटतो. वळणावर पकड संपत आली की आधी गाडी थोडी तरंगल्यासारखी वाटते, स्टिअरिंग हलकं होतं, आणि सावरायला वेळ मिळतो. रेडियल खूप वेळ धरून ठेवतो, पण सुटतो तेव्हा एकदम सुटतो. शिवाय नायलॉनवर ही गाडी गेटमधून वळवताना स्टिअरिंग हलकं असतं. मामा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, त्यांच्या खांद्यांना हा फरक लगेच कळतो.

त्याचे दोषही तितकेच खरे आहेत. रस्त्यावरच्या खाचांच्या मागे तो धावतो. मुंबई-आग्रा रस्त्यावर काँक्रीटचा सांधा लागला की गाडी सांध्याच्या बाजूने ओढली जाते आणि स्टिअरिंग सतत धरून ठेवावं लागतं. ओल्या रस्त्यावर पकड कमी. आणि महिनाभर एका जागी उभी राहिली की टेकलेला भाग चपटा होतो. मग पहिले दहा-पंधरा किलोमीटर गाडी बैलगाडीसारखी थडथडते, टायर गरम झाल्यावर शांत होते. वर्षाचे दहा महिने शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीला हा त्रास लहान नाही.

सर्वांत जास्त चुका होतात मापाच्या बाबतीत. ५.६०-१५ मधले ५.६० म्हणजे टायरची रुंदी इंचात, सुमारे १४२ मिलिमीटर, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास. उंचीचा आकडा छापलेला नसतो, कारण जुन्या टायरची उंची जवळजवळ रुंदीइतकीच असायची. त्या जागी रेडियल घेताना १६५ आर १५ असा, मध्ये तिरकी रेघ आणि दुसरा आकडा नसलेला टायर शोधायचा. काही जण १५५ पसंत करतात, तेही बरोबर आहे. आकडा नाही याचा अर्थ उंची रुंदीच्या सुमारे ८२ टक्के. हिशोब करा: १६५ चे ८२ टक्के १३५, दोन्ही बाजू धरून २७०, त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिळवले की पूर्ण व्यास ६५१ मिलिमीटर.

दुकानात मात्र लगेच मिळतो तो स्विफ्टला बसणारा १८५/६५ आर १५. "रिम पंधराचीच आहे, बसेल की," असं ऐकायला मिळतं. त्याचा व्यास ६२१ भरतो, म्हणजे ३० मिलिमीटर कमी. गाडी १५ मिलिमीटर खाली बसते, गतिरोधकांवर पोट घासतं. स्पीडोमीटर १६५ आर १५ ला ८० बरोबर दाखवत असेल, तर या टायरवर ८० दाखवताना गाडी ७६ ने धावत असते, आणि इंजिन विनाकारण जास्त फिरतं. त्याहून मोठी अडचण रुंदीची आहे. जुन्या एमजीएची रिम चार इंच रुंद आहे, आणि १८५ च्या टायरला निदान पाच इंचांची हवी. चार इंचांवर कोंबला तर त्याची नक्षी फुग्यासारखी गोल होते आणि कडा रस्त्याला टेकतच नाहीत. रुंद टायर घेऊन पकड कमी झाली, असा हा सौदा आहे.

दुसरा सोपा वाटणारा मार्ग ॲम्बेसेडरच्या ५.९०-१५ चा. तो रिमवर बसतो, नायलॉनच आहे आणि दिसायलाही जुना शोभतो. पण तो टॅक्सीचं ओझं वाहायला केलेला टायर आहे. एमजीए ताशी शंभर मैलांच्या आसपास जाऊ शकते. तुम्ही कधीच तेवढं पळवणार नाही, हे मान्य. तरी टायरवरचं वेगाचं अक्षर वाचूनच घ्या: एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटरपर्यंत. अक्षरच छापलेलं नसेल तर मी तो टायर या गाडीला लावणार नाही.

रेडियल आणि ट्यूबलेस ही आणखी एक गल्लत. रेडियल म्हणजे आतल्या धाग्यांची रचना, ट्यूबलेस म्हणजे हवा कशात राहते ते. तारांच्या चाकांना, म्हणजे स्पोकच्या रिमला, प्रत्येक स्पोकच्या मुळाशी भोक असतं, तिथून हवा निघून जाते, म्हणून टायर रेडियल असला तरी ट्यूब घालावीच लागते. आणि ती रेडियलसाठीची ट्यूब हवी, कारण बाजू जास्त वाकते आणि जुनी ट्यूब आत घासून फाटते. बसवण्याआधी टायरच्या आत हात फिरवून पाहा. कागदी लेबल चिकटलेलं असेल तर काढून टाका. आमच्या स्टेपनीची ट्यूब तेवढ्या एका लेबलाने भोक पडून गेली.

हवेचंही असंच. रेडियलची बाजू पोटासारखी फुगलेली दिसते. पंक्चरवाला ते पाहून "साहेब, हवा कमी आहे" म्हणत आणखी भरतो, आणि टायर मधोमध झिजतो. बाजू फुगणं हा त्याचा स्वभाव आहे. गेजनेच मोजा, साधारण नायलॉनपेक्षा चार-सहा पाउंड जास्त लागते. अलाइनमेंटही पुन्हा करा, नायलॉनसाठी ठेवलेला पुढच्या चाकांचा आत वळलेला कोन रेडियलला थोडा कमी लागतो.

टायर कुठलाही घ्या, नक्षी पाहून फसू नका. आमच्या मागच्या नायलॉनची नक्षी खरंच भरपूर होती, पण रबर इतकं कडक झालं होतं की नख रुतत नव्हतं. उभ्या गाडीचा टायर झिजत नाही, म्हातारा होतो, आणि नाशिकच्या चाळिशी गाठणाऱ्या उन्हाळ्यात पत्र्याखाली तो लवकर म्हातारा होतो. बाजूवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे शोधा, ती टायर बनल्याची तारीख. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० च्या आधीचा आहे, तो काढूनच टाका. सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासावा आणि दहा वर्षांनंतर कसाही दिसला तरी बदलावा, असं मी पाळतो.

मिळण्याची अडचण मात्र खरी आहे. मिशलॅं, पिरेली, व्रेडेस्टाइन यांच्याकडे जुन्या मापांचे रेडियल आजही बनतात. पण जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या मोटार टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, म्हणून बाहेरून मागवण्याआधी परवान्याची चौकशी करा.

गाडी फक्त प्रदर्शनाला आणि रविवारी सकाळी कॉलेज रोडवर फेरीला काढत असाल, आणि ती पन्नासच्या दशकातली असेल, तर चारही नवे क्रॉसप्लाय घ्या. तिची मूळ चाल तशीच मिळेल. कसारा घाट, वणीचा गड, पावसाळ्यातलं त्र्यंबक असं खरोखर फिरणार असाल, तर पूर्ण उंचीचे पाच रेडियल.

मामांनी पाच रेडियल घेतले, १६५ आर १५, एच अक्षराचे. स्पोक पुन्हा ताणून घेतले, कारण वाढलेली पकड शेवटी त्यांच्यावरच येते. गेटमधून वळवताना आता त्यांना दोन्ही हात लागतात. या वर्षी पहिल्या पावसानंतर ते पुन्हा महिरावणीच्या त्याच वळणावर गेले. मी शेजारी होतो. त्यांनी वेग चाळीसवर आणला, वळण घेतलं, आणि पुढच्या सरळ रस्त्यावर गियर बदलला.