कॉलेजचा खर्च घरावर कसा येऊन पडला

मुलांना कॉलेजात घालायचं तर कर्ज काढावं लागणार, हे आज अनेक घरांनी गृहीत धरलं आहे. ही रीत पूर्वापार चालत आलेली नाही. तिचं वय साठ-सत्तर वर्षांचंच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र उलटं होतं. अमेरिकेने १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांची वर्षाला ५०० डॉलरपर्यंतची फी भरली, वर निर्वाहभत्ता दिला. सुमारे २२ लाख जण त्या आधारावर कॉलेजात गेले. ब्रिटनमध्ये १९६२ नंतर पदवीची फी स्थानिक प्रशासन भरत असे आणि घरची मिळकत पाहून राहण्या-जेवणासाठी अनुदानही मिळे. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठात मोफत शिक्षणाची परंपरा १२९ वर्षं टिकली. शहराची तिजोरी रिकामी झाली आणि १९७६ मध्ये तिथेही फी लागू झाली.

कर्ज आलं ते पूरक मदत म्हणून. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला, अमेरिका हादरली आणि पुढच्याच वर्षी सरकारने विद्यार्थ्यांना कमी व्याजाची कर्जं देऊ केली. १९६५ पासून पैसे बँकेचे आणि हमी सरकारची, अशी सोय झाली. गरीब विद्यार्थ्यांसाठी १९७२ मध्ये परत न करावं लागणारं अनुदान सुरू झालं, तेच पुढे पेल अनुदान म्हणून ओळखलं गेलं. सत्तरच्या दशकाच्या मध्याला हे अनुदान सरकारी कॉलेजच्या एकूण खर्चाचा तीन चतुर्थांश भाग उचलत असे. आता त्यात जेमतेम एक तृतीयांश भागतो.

मला खरं वळण १९८० चं वाटतं. त्या वर्षी अमेरिकेत पालकांच्या नावावर कर्ज देण्याची योजना आली. तोवर मूल शिकेल, कमवेल आणि फेडेल असा हिशेब होता. आता पन्नाशीतले आईवडील स्वतःच्या म्हातारपणाची पुंजी पणाला लावू लागले. पदवीमुळे पगार वाढलाच तर तो मुलाचा वाढतो, हप्ते मात्र आईवडिलांच्या खात्यातून जातात. त्यात दिवाळखोरी जाहीर करून या कर्जांतून सुटण्याची वाटही १९७६ आणि १९९८ च्या बदलांनी जवळजवळ बंद केली.

फी एवढी का वाढली? अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये एक कारण दाखवलं होतं. कारखान्यात यंत्रांमुळे कमी माणसांत जास्त माल निघतो; वर्गात शिकवायला मात्र तेवढाच वेळ आणि तेवढेच शिक्षक लागतात, आणि पगार तर सगळीकडच्या बरोबरीने वाढत राहतात. पण ही अर्धीच गोष्ट झाली. विद्यार्थी वाढत गेले, त्या प्रमाणात सरकारी मदत वाढली नाही, आणि उरलेली रक्कम फीच्या पावतीवर चढली.

सगळ्या देशांनी एकच वाट धरली नाही. ऑस्ट्रेलियाने १९७४ मध्ये फी रद्द केली, १९८९ मध्ये ती परत आणली. पण मिळकत ठरावीक मर्यादेच्या वर गेली तरच करासोबत वसुली, अशी अट ठेवली. इंग्लंडमध्ये १९९८ ला १,००० पौंडांवर सुरू झालेली फी २०१२ मध्ये ९,००० पर्यंत पोहोचली. जर्मनीतल्या काही राज्यांनी २००६ नंतर सहामाहीला ५०० युरो घेऊन पाहिले. लोकांचा विरोध इतका झाला की २०१४ पर्यंत एकेक करून सगळ्यांनी ती फी काढून टाकली, आणि तो खर्च पुन्हा करांतून भागू लागला.