लुकलुक घालवायची तर काळोख वाढवा

एडविन पोर्टरने एडिसन कंपनीसाठी 1903 साली काढलेला ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा मूकपट आज मोबाइलवर सहज बघता येतो. दरोडेखोर आगगाडी लुटतात, घोड्यांवरून पळतात, शेवटी गोळीबारात मरतात. (गोष्ट रांगड्या पश्चिमेची, चित्रीकरण मात्र बरंचसं पूर्वेकडच्या न्यू जर्सीत!) बघणारे हमखास म्हणतात, “सगळे किती तुरुतुरु पळतात! तेव्हाचे कॅमेरेच तसले.”

कॅमेऱ्यावर हा आळ उगाच येतो. कॅमेरामन हाताने दांडा फिरवायचा. एका फेऱ्यात आठ चित्रं, सेकंदाला साधारण दोन फेरे, म्हणजे 16 चित्रं. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16च चित्रं मावतात, त्यामुळे 740 फुटांचा हा पट बारा मिनिटं चालायचा. पुढे बोलपट आले. वेग डगमगला की गाण्याचा सूर बिघडतो, म्हणून 24चा वेग पक्का झाला. तीच फिल्म 24ने पळवली की आठ मिनिटांत आटोपते आणि माणसं दीडपट वेगाने धावतात. जास्त खेळ बसवायला यंत्र दामटणारे थिएटरवाले तेव्हाही होतेच.

खरी गंमत प्रोजेक्टरमध्ये आहे. त्यात फिल्म सलग वाहत नाही. एक चित्र भिंगामागे क्षणभर थांबतं, मग झटक्यात ओढलं जाऊन पुढचं येतं. ओढताना प्रकाश पडला तर पडद्यावर फराटे उमटतील, म्हणून तेवढ्यापुरतं फिरत्या शटरचं पातं आडवं येतं. म्हणजे सेकंदाला 16 वेळा अंधार, आणि ही लुकलुक डोळ्यांना चांगलीच टोचते. त्यावरचा उपाय उफराटा वाटेल: शटरला आणखी दोन पाती लावली. चित्र स्थिर असतानाच ती प्रकाश तोडतात. एकच चित्र तीनदा चमकतं, 16 × 3 = 48. पडद्यावरचा उजेड घटला, पण लुकलुकही विरली! किती वेळा चमकल्यावर उजेड सलग वाटेल, हे त्याच्या प्रखरतेवर अवलंबून असतं: प्रखरता दहापट झाली की ही मर्यादा ठराविक आकड्याने वर सरकते. याला फेरी-पोर्टर नियम म्हणतात (हा पोर्टर वेगळा). बोलपटांना दोनच पाती पुरली, कारण 24 × 2 = 48.

आता शाळेत पाठ केलेलं ‘दृष्टिसातत्य’ आठवा: प्रतिमा डोळ्यात 1/16 सेकंद रेंगाळते, म्हणून सिनेमा हलतो. एवढ्यावर भागलं असतं तर तीनने गुणायची वेळच आली नसती. शिवाय चित्रं नुसती रेंगाळली असती तर घोड्याच्या पायांचा गुंताच दिसला असता. उजेड सलग वाटणं आणि चित्र हलताना दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानसशास्त्रज्ञ मॅक्स वर्थायमरने 1912 साली दोन स्थिर रेघा योग्य अंतराने एकामागोमाग दाखवल्या, तेव्हा लोकांना एकच रेघ सरकताना दिसली. ती गती मेंदूने रचलेली.

हल्ली ‘एआयने जिवंत केलेले’, सेकंदाला 60 चित्रांचे रंगीत मूकपट फिरतात. त्यातली 44 चित्रं संगणकाने अंदाजाने भरलेली असतात आणि सदऱ्यांचे रंगही अंदाजपंचे. मूळच्या काही प्रतींवर बंदुकीचा धूर माणसांनी हाताने रंगवला होता, तो बघा. आणि तुमच्या प्रतीत घोडे फारच उधळत असतील तर प्लेअरचा वेग 0.75 करा; 24चे 18 होतात.