कलर प्रोफाइल आणि ब्लॅक अँड व्हाइटचं प्रोफाइल, दोन्ही आयसीसीच, मग घोळ कुठे होतो?

पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर काढलेला माझा एक फोटो आहे, खाली ओला काळा कातळ, वर धुकं. स्क्रीनवर कातळातली एकेक भेग दिसते आणि प्रिंट काढली की खाली नुसता डांबराचा गोळा. कुणालाही विचारा, एकच उत्तर मिळतं, "प्रोफाइल बनव", म्हणजे प्रिंटरच्या चुका सुधारणारी छोटी आयसीसी फाइल. अरे पण कुठलं? कारण या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी खपतात आणि दोन्हीच्या फाइलच्या शेवटी आयसीसीच लिहिलेलं असतं, एकाच फोल्डरमध्ये पडलेल्या असतात, त्यामुळे गल्लत होणारच.

पहिलं म्हणजे कलर प्रोफाइल. ड्रायव्हरमधलं कलर ॲडजस्टमेंट बंद करून शेकडो रंगीत पॅच, म्हणजे छोटे चौकोन, छापायचे, स्पेक्ट्रोने (रंग मोजणारं यंत्र) मोजायचे, मग सॉफ्टवेअर हिशोब मांडतं की या कागदावर या शाईने अमुक आकडा पाठवला की तमुक रंग उमटतो. यातून ब्लॅक अँड व्हाइटही छापता येतं, पण तो करडा रंग काळ्या शाईबरोबर सायन, मजेंटा आणि पिवळी मिसळून बनतो. थोडा तोल गेला की हिरवट नाहीतर गुलाबी झाक, आणि गंमत अशी की तेवढीच चूक पैठणीच्या फोटोत झाली तर कुणाच्या बापाला कळणार नाही, करड्यात मात्र डोळा लगेच पकडतो. वर दिवा बदलला की झाकही बदलते, खिडकीपाशी बरी दिसणारी प्रिंट पिवळ्या बल्बखाली वेगळीच.

दुसरं प्रकरण ब्लॅक अँड व्हाइट मोडचं. एप्सनने २००५च्या सुमारास के३ शाई आणली, म्हणजे एकाच प्रिंटमध्ये काळ्याच्या तीन छटा, गडद, फिकी आणि अजून फिकी, आणि त्याबरोबर ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट हा मोड. यात करड्याचं मुख्य काम या तीन काळ्या करतात, रंगीत शाई टोन देण्यापुरती, न्यूट्रल हवा की वॉर्म ते तुम्ही निवडायचं. शाई किती कशी टाकायची हे इथे ड्रायव्हर स्वतः ठरवतो. त्यामुळे कलर मोडमध्ये मोजलेलं प्रोफाइल इथे लावणं म्हणजे एसटीचं तिकीट घेऊन लोकलमध्ये बसण्यासारखं. मी लावलंय, म्हणून सांगतो. वेगळ्याच मोडसाठी केलेली दुरुस्ती वर चढते आणि टोन आणखी बिघडतात.

या मोडला लागतं ते टोनचं करेक्शन, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्यांची दुरुस्ती. २१ नाहीतर ५१ करड्या पॅचची पट्टी छापायची, मोजायची, आणि बघायचा फक्त एल, म्हणजे उजळपणा, ० काळाकुट्ट आणि १०० पांढराशुभ्र. क्वाडटोन रिप या ब्लॅक अँड व्हाइट छपाईच्या सॉफ्टवेअरबरोबर मिळणारं क्यूटीआर-क्रिएट-आयसीसी हे छोटं टूल या आकड्यांवरून प्रोफाइल बनवतं, एप्सनच्या मोडमधून छापलेली पट्टीही त्याला चालते. ते फक्त पायऱ्या सारख्या करतं, झाक काढत नाही! सावल्या हिरवट असतील तर हिरवटच राहणार. आणि कागदाला जेवढा काळा जमतो त्याच्या पलीकडे कुठलंच प्रोफाइल जात नाही, बिनचमकीच्या मॅट कागदावर एल साधारण १६-१७ला अडतो, चांगल्या बराय्टा (चमक असलेल्या) कागदावर ४च्या आसपास उतरतो.

माझ्या मॅट पट्टीचे शेवटचे तीन आकडे होते १७.४, १६.६, १६.९. नीट बघा, सगळ्यात काळा असायला हवा तो पॅच आधीच्यापेक्षा उजळ निघाला. म्हणजे कागद शाई पिऊन फुगला, आणि डांबराचा गोळा तिथेच तयार झाला होता. अशा उलट्या चालणाऱ्या आकड्यांवर करेक्शन बसत नाही. मी मीडिया टाइप (कागद कुठला ते ड्रायव्हरला सांगणारं सेटिंग) बदलून कमी शाई टाकणारं सेटिंग घेतलं, पट्टी पुन्हा छापली, रात्रभर वाळू दिली (आमच्याकडे जुलैत तर दोन रात्री, दमट हवेत घाई केली की आकडे फसवतात) आणि मग मोजली. तेव्हा पायऱ्या सरळ आल्या. आणि हो, मोडमधलं डार्क-डार्करचं सेटिंग नंतर हलवलंत की ही सगळी मेहनत पाण्यात, कारण प्रोफाइल त्याच सेटिंगचं असतं.

प्रिंटरमध्ये काळी शाई एकच असेल तर हा मोडच नसतो बहुतेक वेळा, तिथे चांगलं कलर प्रोफाइल हाच मार्ग, झाक थोडी सोसायची. तीन काळ्या असतील तर माझं मत ठाम आहे, ब्लॅक अँड व्हाइट मोड आणि टोन करेक्शन. स्पेक्ट्रो नसला तरी २१ची पट्टी आज छापून ठेवा, उद्या खिडकीपाशी धरून गडद बाजूचे शेवटचे चार पॅच वेगवेगळे दिसतात का ते बघा. दिसत नसतील तर आधी मीडिया टाइप बदला, प्रोफाइल नंतर.