पीठ तेच, हवा वेगळी
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

“या खेपेचं पीठ वेगळं आलंय का हो?” हा प्रश्न आमच्या काउंटरवर वर्षातून दोनदा हमखास येतो. एकदा उकाडा वाढला की, आणि एकदा हवा दमट झाली की. पीठ कधीकधी खरंच वेगळं असतं. ताजं दळलेलं पीठ पहिले काही दिवस जरा ढिलं वागतं. पण बहुतेक वेळा पिशवीतलं पीठ तेच असतं आणि बदललेली असते ती तुमच्या ओट्याभोवतीची हवा.

पाककृतीत “कोमट पाणी घ्या, दीड तास फुगू द्या” असं लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी किती अंश होते, हे मात्र कुणी लिहीत नाही. यीस्टला घड्याळ कळत नाही, ऊब कळते. २० अंशांवर ते जेवढं काम करतं, त्याच्या साधारण दुप्पट वेगाने ३० अंशांवर करतं. म्हणून थंडीत दीड तासाने उंडा जिथल्या तिथे असतो आणि उन्हाळ्यात तेवढ्याच वेळात तो फुगून, बसून, आंबट वासाला लागलेला असतो.

यावर उपाय आहे पाण्यात. खोलीचं तापमान आपल्या हातात नसतं, पिठाचंही फारसं नसतं. पाणी मात्र हवं तसं गार किंवा गरम करता येतं. पावाच्या पिठाचा उंडा मळून झाल्यावर २५ अंशांच्या आसपास असावा. हिशोब सोपा आहे: २५ ची तिप्पट ७५. त्यातून खोलीचं तापमान, पिठाचं तापमान आणि हाताने मळताना वाढणारे अंदाजे २ अंश वजा करा. उरेल ते पाण्याचं तापमान. खोली आणि पीठ दोन्ही ३३ अंशांवर असतील तर पाणी येतं ७ अंश, म्हणजे फ्रिजमधलं. दोन्ही १६ वर असतील तर ४१ अंश, म्हणजे हाताला छान ऊन लागेल असं. यंत्रावर मळणार असाल तर घर्षणाने उंडा बराच जास्त तापतो, तेव्हा एकदा थर्मामीटर खुपसून बघा आणि पुढच्या वेळी पाणी त्या हिशोबाने आणखी गार घ्या. उकळतं पाणी मात्र कितीही थंडी असली तरी नको. ५५–६० अंशांच्या पुढे यीस्ट मरतं, आणि मेलेल्या यीस्टला मग कितीही वाट बघून उपयोग नसतो.

फुगलंय की नाही, हे बोटाला विचारा. बोट कोरड्या पिठात बुडवून उंड्यात पेराएवढं दाबा. खळगा लगेच भरून आला, तर अजून वेळ आहे. हळूहळू आणि अर्धवटच वर आला, तर भट्टी तापवा. तसाच राहिला, तर उशीर झालाय. पुन्हा हलकेच मळून, आकार देऊन थोडा वेळ ठेवा. पाव होईल, जरा दडस होईल इतकंच.

थंडीत बरेच जण उंडा बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवतात. युक्ती चांगली आहे. आमच्यातल्या एकाने एकदा तो आत आहे हे विसरून ओव्हन २२० वर तापत ठेवला. वरचं प्लास्टिकचं झाकण वितळून उंड्यावर पसरलं होतं, आणि तो वास दोन दिवस गेला नाही. तेव्हापासून ओव्हनच्या बटणावर कागदाची चिठ्ठी चिकटवतो. तुम्हीही चिकटवा.

दमट हवेचं दुखणं निराळं. पीठ हवेतलं पाणी शोषतं. अर्धा किलो पिठात दोन टक्के ओल वाढली, तर दहा ग्रॅम पाणी तुम्ही न घालताच आत गेलेलं असतं, आणि नेहमीच्या मापाने भिजवलेली कणीक हाताला चिकटते. त्यावर कोरडं पीठ मारत बसलात, तर मिठाचं आणि यीस्टचं प्रमाण बिघडतं. त्यापेक्षा आधीच वीसेक ग्रॅम पाणी बाजूला ठेवा आणि लागलं तरच घाला. पाणी वाटीने नको, वजनाने मोजा. आम्ही हे सांगून थकलो, पण सांगणार.

बिस्किटं सादळली तर टाकू नका. १५० अंशांवर पाच-सहा मिनिटं परत भाजा आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर त्यांचीच वाफ त्यांना पुन्हा मऊ करते. बेकिंग पावडरलाही ओल सोसत नाही. अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाका. जोरात फसफसली तर ठीक, नुसती विरघळली तर केकची आशा सोडा. उघडलेलं कोरडं यीस्ट घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवा. कोंड्यासकटच्या पिठात अंकुरातलं तेल असतं, ते उन्हाळ्यात लवकर खवट होतं, महिन्याभराचंच न्या. आमची विक्री कमी होईल, चालेल.

भट्टीबाहेरच्या दोन गोष्टी. कडधान्यं उष्ण, दमट जागी महिनोन्‌महिने राहिली, की त्यांचा कडकपणा वाढतो आणि ती शिजता शिजत नाहीत. भिजवताना चिमूटभर खायचा सोडा घाला, आणि टोमॅटो किंवा कुठलंही आंबट दाणा मऊ झाल्यावरच घाला. आंबटपणामुळे दाणा मऊ पडायला वेळ लागतो. बटाटे फ्रिजमध्ये ठेवले, तर त्यांतल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना ते आत शिजायच्या आधी बाहेरून काळपटतात. अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवा. पावही फ्रिजमध्ये बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. दोन दिवसांत संपणार नसेल, तर कापून थेट फ्रीझरमध्ये टाका.

शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरात. भाताच्या बाबतीत तर अजिबात हयगय नको. त्यातले काही जिवाणू बीजरूपाने शिजवल्यावरही टिकतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.

इतकं करूनही पीठ बिघडलंय असं वाटलं, तर पिशवी घेऊन या. येताना दोन आकडे सोबत आणा: खोलीचं तापमान आणि पाण्याचं वजन. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं. नाही सापडलं, तर पिशवी बदलून देऊ.