रंगपंचमीची पुडी फोडण्याआधी

मागच्या वर्षी एक काकू पंचमीच्या दुसऱ्याच दिवशी सदरा घेऊन आमच्या रंगांच्या दुकानात आल्या. "पिवळा रंग म्हणून नेला होता, धुतल्यावर लाल डाग! भेसळ करता का?" भेसळ नव्हती. आमचा पिवळा हळदीचा, आणि हळदीतले कुर्कुमिन हे रंगद्रव्य क्षाराला भेटले की लाल होते. हळदीचे कुंकू होते ते याच गुणाने, आणि साबणात क्षार असतोच. अशा डागावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा होईल. मग सदरा उन्हात वाळत घाला. कुर्कुमिनला ऊन सोसत नाही.

केशरी रंग पळसाचा, इंदुरात ज्याला सगळे टेसू म्हणतात. सुकी फुले रात्रभर भिजवून सकाळी उकळायची, पाणी गाळून घ्यायचे. झाडाने हा रंग काही आपल्या गेरसाठी, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीसाठी, काढलेला नाही. फाल्गुनात पळसाची पाने झडतात आणि बोडक्या फांद्यांवरची ती भडक फुले लांबून पक्ष्यांना दिसतात. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही, पक्ष्यांना दिसतो. मध प्यायला आलेला पक्षी चोचीवर पराग घेऊन जातो. पळसातली रंगद्रव्ये फ्लेव्होनॉइड घराण्यातली. सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या, तेव्हा अंगावर पडणारे अतिनील किरण याच घराण्याने अडवले, असे शास्त्रज्ञ मानतात. फुले सजवायचे काम फार नंतरचे.

गुलाबी बीटचा. बीट, लाल राजगिरा आणि बोगनवेल एकाच गोतावळ्यातली. जांभूळ, लाल कोबी यांचा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, बीटच्या मंडळींचा मात्र बीटालेन या वेगळ्या रंगद्रव्याचा. दोन्ही एका झाडात सापडत नाहीत. बीटालेनला उष्णता मानवत नाही, म्हणून आम्ही कीस सावलीत सुकवतो. पुडी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलीत तर फिकी पडेल, मग बदलून मिळणार नाही.

हिरवा पालकाचा. भाजी जास्त शिजली की काळपट होते ना? हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो, त्याचा तो परिणाम. जुनी हिरवी पुडीही हळूहळू तशीच मळकट होते. ती याच वर्षी संपवा.

सगळे रंग आरारुटात कालवलेले आहेत, तरी डोळ्यांत जाऊ देऊ नका. आणि राजवाड्याच्या गेरमध्ये टँकरचे पाणी अंगावर आले, तर त्यातल्या रंगाची हमी आमच्याकडे मागू नका.